एच-इंडेक्स ३१ की १४? संघटनात्मक मानसशास्त्रातल्या संशोधकाचं वजन कोणत्या काट्यावर करायचं?

खुर्चीवाला
सोमवार, रात्री ९:४०

गेले दोन आठवडे डोक्यात एकच भुंगा आहे, म्हणून धागा काढतोय.

मी मनुष्यबळ विभागात तीस वर्षं काढलेला माणूस. संशोधनाशी संबंध वाचण्यापुरता. एका विद्यापीठात संघटनात्मक मानसशास्त्राच्या (कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात त्या शास्त्राच्या) प्राध्यापकपदासाठी निवड समिती नेमली आणि 'प्रत्यक्ष कामातला कोणीतरी हवा' म्हणून मला तीत बसवलं. चाळणी होऊन दोन नावं उरलीत. खरी नावं अर्थातच सांगत नाही, क्ष आणि य म्हणू.

क्ष : १४८ पेपर, सुमारे ५,२०० सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत संदर्भ म्हणून आलेलं नाव), एच-इंडेक्स ३१.
य : २२ पेपर, सुमारे २,९०० सायटेशन, एच-इंडेक्स १४. त्यातली १,९०० एकट्या एका पेपरची.

आम्हाला दिलेल्या तक्त्यात एच-इंडेक्सचा रकाना ठळक आणि वर पिवळा रंग फासलेला. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "आकडेच बोलतायत, आपण कशाला बोलायचं?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन दोघांचे दोन-दोन पेपर वाचायला घेतले आणि झोप उडाली. य-बाईंचं मला कळलं, पटलं, नोकरीत डोळ्यांनी पाहिलेलं त्यात सापडलं. क्ष यांचे दोन्ही पेपर संपवल्यावर 'बरं, मग?' एवढंच मनात आलं. पण मी कोण सांगणार? ३१ म्हणजे १४ च्या दुपटीहून जास्त, एवढं गणित मलाही येतं.

जाणकारांनी सांगावं, या आकड्यांतून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही?

रुमाल
सोमवार, रात्री ९:५२

नावाला जागून रुमाल टाकतो. सवडीने वाचेन.

सांख्यिकीवाला
सोमवार, रात्री १०:३५

खुर्चीवाले साहेब, 'दुपटीहून जास्त' हे तुमचं वाक्यच आधी खोडतो.

एच-इंडेक्स अमुक म्हणजे किमान अमुक सायटेशन मिळालेले अमुक पेपर. ते मोजायला पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा एखाद्याचे दहा पेपर आहेत आणि सायटेशन अशी : ३१०, ९६, ४१, २२, ९, ७, ६, ३, १, ०. सहाव्या पेपरला सात आहेत, म्हणजे किमान सहा सायटेशनवाले सहा पेपर झाले. सातव्याला सहाच. तिथे गाडी थांबली. एच-इंडेक्स ६.

आता पहिल्या पेपरची ३१० ची ३,१०० करा. साऱ्या जगाने तो पेपर डोक्यावर घेतलाय असं समजा. एच-इंडेक्स? सहाच. उलट सातव्या पेपरला एक, फक्त एक सायटेशन वाढू द्या. एच-इंडेक्स लगेच सात. आणि ते एक सायटेशन लेखकाने स्वतःच्याच पुढच्या पेपरात दिलेलं असलं तरी चालतं.

हा आकडा काढला जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ मध्ये. त्याच पेपरात त्याने एक निरीक्षण नोंदवलंय : एखाद्याची एकूण सायटेशन साधारण एच-इंडेक्सच्या वर्गाच्या तीन ते पाच पट असतात. क्ष यांचं बघा. ३१ चा वर्ग ९६१, त्याच्या सुमारे साडेपाच पट ५,२००. म्हणजे साच्याच्या जवळपास. य-बाईंचं? १४ चा वर्ग १९६, त्याच्या जवळजवळ पंधरा पट. हा आकडा जिचं वर्णन करायला बनवला तशी ही कारकीर्दच नाही. १,९०० वाल्या पेपरातली पहिली चौदा सायटेशन सोडली तर बाकी सगळी एच-इंडेक्सच्या दृष्टीने वाया गेली.

दुसरं म्हणजे वय. हा आकडा कधीच खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, लिहायचं थांबला, तरी चढतोच. म्हणून हर्शने तिथेच पहिल्या पेपरापासूनच्या वर्षांनी भागायचाही मार्ग सुचवला होता. तो कोणी वापरत नाही, कारण भागाकार करावा लागतो.

तिरकस
सोमवार, रात्री १०:४१

म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांची उंची मोजायला बनवलेली काठी घेऊन आपण मानसशास्त्रवाल्यांचा ताप मोजतोय.

सांख्यिकीवाला
सोमवार, रात्री १०:५०

तिरकसराव, तुम्ही थट्टेत बोललात, पण तसंच आहे. भौतिकशास्त्रात कायम नोकरीसाठी साधारण १२, पूर्ण प्राध्यापकासाठी १८ असे अंदाज हर्शने दिले होते. जीवशास्त्रातले आकडे याहून बरेच मोठे असतात, हेही त्यानेच लिहिलं. लोकांनी १२ आणि १८ उचलले आणि पुढचं वाक्य तिथेच सोडलं. २०२० मध्ये खुद्द हर्शनेच या आकड्याच्या वाईट परिणामांबद्दल जाहीर लिहिलं.

अनुस्वार
मंगळवार, सकाळी ७:१५

मी याच विषयात काम करते, त्यामुळे जरा माजघरातलं सांगते. लांबेल, आधीच माफी.

आमच्याकडचा एक नेहमीचा पेपर कसा तयार होतो बघा. तीनशे कर्मचाऱ्यांना एक प्रश्नावली देतात. पहिल्या पानावर 'तुमचे साहेब कसे आहेत', तिसऱ्या पानावर 'तुम्ही कामात किती समाधानी आहात'. दोन्ही उत्तरं त्याच माणसाने, त्याच दहा मिनिटांत, त्याच मूडमध्ये दिलेली. त्या दिवशी तो वैतागलेला असेल तर साहेबही वाईट आणि कामही वाईट. मग दोन्ही आकड्यांत नातं दिसतं, ते साहेबांमुळे की वैतागामुळे? या दोषावर पॉडसाकॉफ, मॅकेन्झी, ली आणि धाकटे पॉडसाकॉफ यांचा २००३ चा लेख आहे, जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजीमधला. त्या जर्नलच्या शंभरहून अधिक वर्षांतल्या सर्वांत जास्त सायटेशन मिळालेल्या लेखांत तो मोडतो. सायटेशन हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजायची.

आता ती येतात कुठून ते ऐका. पेपर पाठवला की परीक्षक विचारतो, "एकाच प्रश्नावलीचं काय?" लेखक एक वाक्य घालतो : 'हरमनची एकघटक चाचणी केली, गंभीर अडचण आढळली नाही', आणि कंसात पॉडसाकॉफ २००३. परीक्षक गप्प, संपादक खूश. गंमत अशी की ही चाचणी (सगळ्या उत्तरांमागे एकच घटक दिसतो का ते बघणारी) पुरेशी नाही, तिने दोष दूर होत नाही, हे त्याच लेखात स्पष्ट लिहिलेलं आहे! म्हणजे लेखाने जे करू नका म्हटलं, तेच करताना लोक त्या लेखाची साक्ष काढतात. आणि अशा प्रत्येक साक्षीचा एकेक आकडा लेखकांच्या खात्यात जमा होतो.

बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या लेखाचीही तीच कथा. मध्यस्थ चल (ज्याच्यामार्फत एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम होतो तो दुवा) तपासायची त्यांची चार पायऱ्यांची रीत नंतरच्या पद्धतीतज्ज्ञांनी जवळपास मोडीत काढली, पण सवयीने तिचं नाव घेणं काही थांबलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण म्हणजे एमी एडमंडसन यांचा १९९९ चा लेख. एका उत्पादन कंपनीतले ५१ गट, आणि प्रश्न एवढाच की चूक कबूल करायला माणूस घाबरतो की नाही याचा गटाच्या शिकण्याशी काय संबंध. त्यातून 'मानसिक सुरक्षितता' या कल्पनेवर संशोधनाचं एक अख्खं शेत उभं राहिलं. लोकांनी ती तपासली, तिच्याशी भांडले, रुग्णालयांपासून विमान कंपन्यांपर्यंत नेली. डेटाबेसच्या लेखी मात्र असं भांडण करणारं सायटेशनही एक आणि हरमनवालं सायटेशनही एक.

म्हणून खुर्चीवाले, माझा पहिला प्रश्न : य-बाईंचा तो १,९०० वाला पेपर कसला आहे? मोजपट्टीचा तर नाही?

खुर्चीवाला
मंगळवार, सकाळी ८:०२

अनुस्वारताई, तुम्ही मनकवड्या आहात का? मोजपट्टीचाच. कामाच्या ताणाबद्दलची बारा प्रश्नांची प्रश्नावली. मी उगाच खूश होतो की बाईंची 'कल्पना' जगभर गेली.

अनुस्वार
मंगळवार, सकाळी ८:२०

नाराज होऊ नका. मोजपट्टी म्हटलं की सायटेशन पाण्यासारखी वाहतात, कारण प्रश्नावली वापरली की मूळ लेखाचं नाव द्यावंच लागतं. मास्लाक आणि जॅक्सन यांची १९८१ ची 'बर्नआउट'ची प्रश्नावली घ्या. त्या विषयावरचा पेपर तिचं नाव घेतल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाही. म्हणून ते हलकं काम ठरत नाही. बारा प्रश्न नीट घडवायला, वेगवेगळ्या नमुन्यांवर घासून बघायला वर्षं जातात. पण त्या १,९०० लोकांनी बाईंचा विचार वाचला असं म्हणता येणार नाही. त्यांनी बाईंचा काटा वापरला. काटा चांगला असेल तर तेही मोठंच.

सरळरेषा
मंगळवार, दुपारी १:३०

इथे सगळे एका सुरात आकड्यांना शिव्या घालतायत, म्हणून दुसरी बाजू मांडते. सायटेशन नको, मग काय हवंय? साहेबांची मर्जी? पूर्वी काय चालायचं ते ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा. शिफारसपत्र कोणाचं, गुरू कोण, कोणाबरोबर उठबस, यावर खुर्च्या ठरायच्या. 'त्यांच्या कामात खोली आहे' असं म्हणत चार ज्येष्ठ माना डोलवायचे आणि ती खोली नेमकी त्यांच्याच शिष्यात असायची! ज्याच्यामागे कोणी नाही त्याला निदान 'माझं काम इतक्यांनी वापरलं' एवढं तरी दाखवता येतं. कच्चा असला तरी आकडा सर्वांसमोर असतो, तपासता येतो. समितीच्या मनातली 'खोली' तपासायची कशी?

शिवाय खुर्चीवाले, राग मानू नका, पण तुम्ही दोघांचे दोन-दोन पेपर वाचून मत बनवलंत. १४८ पैकी दोन. हा कुठला नमुना झाला?

खुर्चीवाला
मंगळवार, दुपारी २:१०

राग नाही. बरोबर पकडलंत.

मधली_सुट्टी
मंगळवार, दुपारी ४:४५

बाळबोध प्रश्न. हे ५,२०० आणि २,९०० कुठल्या वहीतले? मी एकदा एका सरांचं नाव दोन ठिकाणी शोधलं तर एकीकडे दुप्पट निघालं.

सांख्यिकीवाला
मंगळवार, सायंकाळी ६:२०

प्रश्न बाळबोध नाही, समित्यांनी पहिला विचारायचा प्रश्न आहे.

युजीन गारफिल्डने १९५५ मध्ये सायटेशनची सूची करायची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ती छापून आणली. हेतू काय होता? एखादा जुना पेपर हाती असेल तर त्याचा धागा पकडून पुढचं संशोधन शोधता यावं. ती शोधण्याची सोय होती, माणसं तोलण्याचा काटा नंतर झाला. आजचं वेब ऑफ सायन्स त्याच वंशातलं. २००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर दोन्ही आले. पहिल्या दोघांत निवडक जर्नलं असतात. स्कॉलर मात्र सगळं वेचतं : प्रबंध, अहवाल, पुस्तकातली प्रकरणं, कोणाच्या तरी संकेतस्थळावर पडलेला मसुदा. त्यामुळे स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा. आमच्या विषयांत पुस्तकांना महत्त्व असल्यामुळे स्कॉलरला काही अर्थही आहे. पण एकाचा आकडा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा असला तर तो तक्ता फाडून टाका.

आणि नावं नीट बघा. आद्याक्षरं बदलली, आडनाव बदललं की यंत्राला ती दोन माणसं वाटतात. हा घोळ मिटावा म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळख क्रमांक आहे, पण जुने पेपर त्याला आपण होऊन जोडावे लागतात.

खुर्चीवाला
मंगळवार, रात्री ११:०५

हात कापतायत टाइप करताना. कार्यालयातून कळलं की अर्जात ज्याने जे लिहिलं तेच तक्त्यात उतरवलंय. क्ष यांनी स्कॉलरचा आकडा दिला होता, य-बाईंनी स्कोपसचा.

पुढे ऐका. स्कोपसमध्ये य-बाईंची दोन खाती निघाली. लग्नाआधीच्या आडनावाचे चार पेपर वेगळ्याच खात्यात, अनाथासारखे. दोन्ही खाती एकत्र करून मोजलं तर एच-इंडेक्स १६. दोघांचाही स्कोपसमधला आकडा घेतला तर क्ष २२, य १६. पिवळ्या रकान्यातली ३१ आणि १४ ची दरी २२ आणि १६ वर आली, आणि हे करायला मला चहाच्या सुट्टीएवढा वेळ लागला.

तिरकस
मंगळवार, रात्री ११:११

आकडे बोलतायत म्हणाले होते ना अध्यक्ष? आता उलटतपासणीत फुटले.

जुना_खोडकर
बुधवार, सकाळी १०:००

मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी विनोदाची जागा कोणी दाखवत नाहीये, म्हणून मीच दाखवतो. बक्षीस आणि ध्येय यांमुळे माणसं कशी वागायला लागतात, हाच ज्या शास्त्राचा धंदा, त्या शास्त्रातल्या माणसाची निवड आपण एका आकड्यावर करतोय!

स्टीव्हन केर यांचा १९७५ चा लेख या विषयाच्या विद्यार्थ्यांना घोकवतात. मुद्दा सोपा : संस्था बक्षीस 'अ'ला देतात आणि आशा 'ब'ची धरतात, मग 'ब' होत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत विद्यापीठही आहे. शिक्षकाने मन लावून शिकवावं ही आशा, बक्षीस मात्र छापलेल्या संशोधनाला. पन्नास वर्षांपूर्वी! हा लेख शिकवून बाहेर पडलेले प्राध्यापक समितीच्या खोलीत शिरतात आणि पिवळा रकाना उघडतात.

त्याच १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट हे अर्थतज्ज्ञ पैशाच्या धोरणाबद्दल हेच सांगत होते. एखाद्या मापालाच लक्ष्य केलं की ते माप म्हणून कामाचं राहत नाही, हे आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं रूप मात्र मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांचं, १९९७ चं.

लॉक आणि लेथम यांचा तर सिद्धान्तच ध्येयांवर. नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की काम वाढतं. या क्षेत्रातला बहुधा सर्वांत भक्कम निष्कर्ष. २००९ मध्ये चार संशोधकांनी लिहिलं की ध्येयांचे दुष्परिणामही आहेत : माणूस मोजलं जातं तेवढंच बघतो, बाकीचं सोडतो, कधी लबाडीही करतो. लॉक-लेथमनी त्याच वर्षी उत्तर दिलं, आणि ते काही गोड शब्दांत नव्हतं. टीकाकारांच्या विद्वत्तेलाच हात घातला. वाद कोणी जिंकला ते सोडा. दोन्ही बाजूंना त्या भांडणाची सायटेशन भरपूर मिळाली.

क्ष यांचे १४८ पेपर बघताना एवढं बघा, एकाच सर्वेक्षणाचे किती तुकडे पाडलेत. त्याच तीनशे कर्मचाऱ्यांवर पाच पेपर निघाले की प्रत्येक पेपर उरलेल्या चौघांचं नाव घेतो.

सरळरेषा
बुधवार, सकाळी ११:४०

खोडकर, लेख छान, पण माझ्या प्रश्नाला उत्तर नाही. मीच देते. २०१२ ची सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याची मागणी अशी की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून) माणसाची किंमत करू नका. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वं आहेत, पहिलंच असं की आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. दोन्हींत 'आकडे जाळा' कुठेही नाही. जाहीरनामे वाचले नाहीत तरी चालेल, पण त्यांच्या नावाने पुन्हा 'खोली' आणू नका.

अनुस्वार
बुधवार, दुपारी १२:१५

सरळरेषाताईंना +१. त्यात भर म्हणून सावधगिरीचे दोन शब्द.

रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये 'मॅथ्यू परिणाम' मांडला : ज्याचं नाव आधीच आहे त्यालाच श्रेय जास्त मिळतं. गंमत म्हणजे त्यातला बराच मालमसाला हॅरिएट झुकरमन यांच्या मुलाखतींतून आलेला होता, आणि त्यांचं नाव त्या लेखावर सहलेखक म्हणून असायला हवं होतं हे मर्टन यांनी नंतर स्वतःच मान्य केलं. श्रेय कसं चुकीच्या माणसाकडे जातं यावरच्या लेखातच ते झालं! बायकांचं श्रेय असं गळतं त्याला इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये 'मटिल्डा परिणाम' हे नाव दिलं.

दुसरं, सायटेशन म्हणजे सत्याचा दाखला नाही. डिडरिक स्टापेल हे मोठ्या नावाचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ, २०११ मध्ये उघड झालं की ते आकडे घरी बसून रचत होते. ५८ पेपर मागे घेतले गेले. आणि मागे घेतलेल्या पेपरांचं नाव लोक नंतरही घेत राहतात, कारण संदर्भ जुन्या यादीतून उचललेला असतो.

खुर्चीवाला
बुधवार, दुपारी १:०५

जुन्या यादीतून उचललेल्या संदर्भावरून माझीही एक कबुली. वीस वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात मी माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा मॅस्लोचा पिरॅमिड दाखवला. खाली 'मॅस्लो, १९४३' असं लिहून. परवा कळलं की मॅस्लोने पिरॅमिड काढलाच नव्हता. २०१९ मध्ये काही संशोधकांनी माग काढला तर तो १९६० च्या चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागाराच्या लेखापर्यंत गेला. मॅस्लोच्या खात्यात माझीही वीस खोटी सायटेशन आहेत असं समजा.

मधली_सुट्टी
बुधवार, दुपारी १:२०

'जगातले अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' या यादीत क्ष आहेत का? ती तरी ग्राह्य धरायची ना?

सांख्यिकीवाला
बुधवार, दुपारी ३:००

ती यादी जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून काढली. एकट्या एच-इंडेक्सपेक्षा बरी. सहा घटक एकत्र करतात, त्यात एकट्याने लिहिलेले, पहिलं नाव असलेले, शेवटचं नाव असलेले पेपर वेगळे मोजतात आणि स्वतःची सायटेशन वगळूनही आकडा देतात. पण शेवटच्या नावाला जीवशास्त्रात प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा मान असतो. तुमच्या विषयात बहुतेकदा नावं कामाच्या प्रमाणात लावतात, शेवटचा तो खरोखरच शेवटचा. तेव्हा यादीत नाव असलं तर अभिनंदन करा आणि पेपर उघडा.

खुर्चीवाला
बुधवार, सायंकाळी ५:१५

क्ष आहेत यादीत. पहिलं नाव असलेले पेपर : १४८ पैकी १९. य-बाई : २२ पैकी १३. (जुन्या आडनावाचे चार धरले तर २६ पैकी १७.)

अनुस्वार
बुधवार, रात्री ९:३०

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. तुम्ही सगळे 'काम कसं मोजायचं' यात अडकलात. समितीचा प्रश्न 'माणूस कसा निवडायचा' हा आहे, आणि नेमक्या त्यावर आमच्या शास्त्रात शंभर वर्षांचा ढीग आहे!

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला. निवडीची कुठली पद्धत पुढच्या कामाचा अंदाज किती बरोबर देते? (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे अगदी अचूक.) बुद्धिमत्ता चाचणी ०.५१, ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.५१, गप्पांसारखी मोकळी मुलाखत ०.३८. हा लेख आमच्याकडे वेदवाक्य झाला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्याचे आकडे पुन्हा तपासले. मेख अशी होती : ज्यांना घेतलं त्यांचंच पुढचं काम दिसतं, ज्यांना नाकारलं त्यांचं दिसत नाही, म्हणून आकडा दुरुस्त करून वाढवावा लागतो. ही वाढ जुन्या लोकांनी गरजेपेक्षा फार जास्त केली होती, असं सॅकेट यांचं म्हणणं. नव्या हिशेबात बुद्धिमत्ता चाचणी ०.३१ वर घसरली. ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर राहून यादीत सगळ्यांच्या वर गेली. मोकळी मुलाखत ०.१९.

इथे लबाडी कोणाचीच नाही. चोवीस वर्षं ज्या आकड्याचं नाव घेतलं तो फुगलेला होता आणि दुसऱ्याने तो उतरवला. शास्त्र असंच चालतं. १९९८ च्या लेखाची सायटेशन मात्र एकानेही कमी झाली नाहीत.

तर खुर्चीवाले, तुमची समिती मुलाखतीत काय करणार आहे? 'स्वतःबद्दल सांगा' आणि मग गप्पा?

खुर्चीवाला
बुधवार, रात्री ९:४४

…हो.

तिरकस
बुधवार, रात्री ९:४६

०.१९.

खुर्चीवाला
पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री ८:३०

उशीर झाला, पण तुम्हा लोकांचं देणं लागतो म्हणून लिहितो.

अध्यक्षांना फोन केला. पिवळा रकाना काढायला ते तयार झाले नाहीत. 'वर विचारतील' म्हणाले. पण तो शेवटच्या पानावर गेला, दोघांचेही आकडे एकाच डेटाबेसमधले, तारखेसकट. दोघांनाही स्वतःचे तीन पेपर निवडून आधी पाठवायला सांगितले, म्हणजे सरळरेषाताईंचा 'नमुना' आमच्या मर्जीचा राहिला नाही. आणि पाच प्रश्न, दोघांना तेच, त्याच क्रमाने, प्रत्येक सदस्याने स्वतंत्र गुण देऊन मगच तोंड उघडायचं.

मीही एक उद्योग केला. य-बाईंच्या प्रश्नावलीचं नाव घेणारे वीस पेपर चिठ्ठ्या टाकून निवडले आणि ते नाव जिथे येतं तेवढा परिच्छेद वाचला. चौदा ठिकाणी नुसती प्रश्नावली वापरलेली. चार ठिकाणी कंसातल्या सहा नावांत एक नाव. दोनांनी मात्र बाईंशी वाद घातला होता, पान-पानभर. क्ष यांच्या सर्वांत गाजलेल्या पेपरचंही तसंच केलं. तिथे वाद घालणारे पाच निघाले. हे मला अपेक्षित नव्हतं.

पाचवा प्रश्न माझा होता : 'तुमच्या सर्वाधिक सायटेशनवाल्या पेपरचा लोकांनी चुकीचा वापर केलाय का?' य-बाई म्हणाल्या, बारापैकी तीन प्रश्न रात्रपाळीच्या लोकांना लागू पडत नाहीत, तसं मूळ लेखात लिहिलंय, तरी लोक वापरतात. तोंडपाठ होते त्यांना ते तीन प्रश्न. क्ष थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चुकीचा वापर लोकांनी नाही, मी केला. त्या पेपरातला तिसरा निष्कर्ष आम्हाला पुन्हा मिळाला नाही. मी तो छापला नाही, कारण कोणी छापला नसता." खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

माझ्या कागदावर त्या प्रश्नाला दोघांनाही सारखेच गुण आहेत. निकाल गोपनीय आहे, विचारू नका.

सरळरेषा
रविवार, रात्री ८:५२

क्ष यांनी तो निष्कर्ष आता तरी छापावा असं कोणी म्हणालं का त्यांना?

खुर्चीवाला
रविवार, रात्री ९:००

य-बाई म्हणाल्या. बाहेर, जिन्यात. एकत्र छापू म्हणाल्या.

रुमाल
रविवार, रात्री ९:२०

रुमाल उचलतोय. त्या पेपरवर पहिलं नाव कोणाचं, तेवढं कळवा.